पायांची लक्षणे आणि हृदयाचे आरोग्य

हृदयाच्या काही आजारांची पहिली खूण छातीत नव्हे, तर पायांवर दिसते. संध्याकाळी घोट्याशी येणारी सूज, चालताना भरून येणारी पोटरी, गार किंवा निळसर पडलेली बोटे, टाचेमागच्या स्नायुबंधावरची टणक गाठ ही अशी लक्षणे आहेत. मात्र त्यांपैकी एकही केवळ हृदयाचे नाही. पाय सुजण्याची कारणे अनेक आहेत आणि नागपूर व पूर्व विदर्भात त्यांत हत्तीरोग, सिकलसेल आणि मे महिन्यातले ऊन यांची भर पडते. त्यामुळे येथे दोन उलट चुका सारख्याच सहज होतात. हृदयाची सूज ‘उन्हाने आली असेल’ म्हणून अंगावर काढली जाते, किंवा साध्या सुजेने घाबरून थेट अँजिओग्राफीची चौकशी सुरू होते. या दोन्ही चुका टाळायच्या तर लक्षणाच्या नावापेक्षा त्याची रीत पाहावी लागते: एक पाय की दोन्ही, अचानक की हळूहळू, चालताना की पडल्यावर, आणि सोबत आणखी काय.

रक्ताची ये-जा

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघालेले रक्त धमन्यांतून पायाच्या बोटांपर्यंत पोहोचते आणि शिरांतून उजव्या कप्प्यात परत येते. जाताना हृदयाचा जोर असतो. परतीची वाट मात्र चढाची आहे. माणूस स्थिर उभा असताना पावलातील शिरांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागताच पोटरीचे स्नायू शिरांना दाबून रक्त वर ढकलतात, शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि हा दाब बराच उतरतो. एकाच जागी तासन्‌तास उभे राहणारे वाहतूक पोलीस, दुकानातील विक्रेते किंवा खानावळीतील आचारी यांचे पाय संध्याकाळी जड होतात, ते यामुळेच.

सूक्ष्म केशवाहिन्यांतून थोडे पाणी सतत बाहेर झिरपते. आतल्या रक्ताचा दाब ते बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने ते आत ओढून धरतात. हे संतुलन इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडले. बाहेर उरलेले पाणी लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात आणतात. धमनी अडली तर पायाला रक्त कमी पडते. पाय दुखतो, गार पडतो, फिका दिसतो. शीर किंवा लसीकावाहिनी अडली तर पाणी साचून पाय सुजतो. हृदयच थकले तर परतीच्या वाटेवर दाब वाढतो आणि दोन्ही पाय सुजतात.

हृदयामुळे येणारी सूज

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते त्या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. ते चालू असते, पण शरीराची गरज भागवू शकत नाही. रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या तोंडी यासाठी ‘पंपिंग कमी झाले’ हा शब्दप्रयोग रुळला आहे. टू-डी इको तपासणीत दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते ते मोजतात. निरोगी हृदयात हा आकडा साधारण ५५ ते ७० टक्के असतो. मात्र आकडा चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकते. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने हृदयाची भिंत ताठर झाली की ते नीट भरत नाही आणि मागे रक्त तुंबते. ‘पंपिंग साठ टक्के आहे, म्हणजे हृदय ठीक’ हा निष्कर्ष म्हणून घाईचा ठरतो.

सूज येण्यात हृदयाइतकाच मूत्रपिंडांचाही वाटा असतो. रक्तपुरवठा कमी झाला की शरीरात पाणी कमी आहे असे समजून मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. हे जादा पाणी आधीच तुंबलेल्या शिरांत शिरते आणि गुरुत्वाकर्षणाने पायांत उतरते. पायांवर सूज स्पष्ट दिसेपर्यंत शरीरात काही लिटर पाणी साचलेले असू शकते. म्हणूनच सुजेच्या आधी वजनाचा काटा बोलतो. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढणे ही हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी धोक्याची सूचना मानली जाते.

हृदयामुळे आलेली सूज सहसा दोन्ही पायांवर असते. ती घोट्यापासून सुरू होऊन वर चढते, संध्याकाळी वाढते आणि रात्रीच्या झोपेनंतर उतरते. घोट्याच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या थोडे वर, नडगीवर अंगठ्याने किमान पाच सेकंद दाब दिला की खळगा पडतो आणि तो हळूहळू भरतो. खळगा दोन मिलिमीटरचा असेल तर सूज सौम्य; आठ मिलिमीटरचा असेल आणि भरायला मिनिट-दोन मिनिटे लागत असतील तर ती तीव्र. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात हीच सूज पायांऐवजी कमरेच्या मागे, माकडहाडापाशी जमते, कारण सर्वांत खालचा भाग तोच असतो. मोज्याच्या रबराचा वळ उठणे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. घट्ट रबर निरोगी पायावरही वळ उठवते.

निर्णायक ठरतात ती सोबतची लक्षणे. जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागणे, सपाट झोपल्यावर धाप लागून उशांची संख्या वाढवावी लागणे, मध्यरात्री गुदमरून जाग येणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, पोट फुगणे आणि भूक मंदावणे यांपैकी काही असेल तर सुजेकडे हृदयाच्या दिशेने पाहावे लागते. गरोदरपणात पाय सुजणे सामान्य आहे. पण शेवटच्या महिन्यात किंवा प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांत सुजेसोबत सपाट झोपता येत नसेल, तर बाळंतपणाशी निगडित हृदयस्नायूच्या आजाराची शक्यता तपासलीच पाहिजे. ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ म्हणून ही धाप दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो.

पाय आणि हृदय यांचे नाते वैद्यकाने फार पूर्वी ओळखले. इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीने अंगावरची सूज उतरते हे रुग्णांच्या नोंदींसह प्रसिद्ध केले. त्या वनस्पतीपासूनच पुढे डिजिटॅलिस वर्गातील हृदयाची औषधे आली. भारतातील उदाहरण अधिक जवळचे आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील भेसळीमुळे पाय सुजण्याची साथ आली आणि अनेकांचा मृत्यू झाला. तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले होते. त्यातील विषामुळे केशवाहिन्या झिरपू लागतात, आधी दोन्ही पाय सुजतात आणि पुढे हृदय थकते.

सुजेची इतर कारणे आणि विदर्भ

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे जातो. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि उभे राहणाऱ्या निरोगी माणसाचेही घोटे सुजतात. ही सूज सौम्य असते, पाय उंचावर ठेवून झोपले की उतरते आणि तिच्यासोबत दम लागत नाही. मात्र हृदयाच्या रुग्णासाठी याच दिवसांत दुसराही धोका असतो. लघवी वाढवणारी ‘पाण्याची गोळी’ चालू असताना घाम जास्त गेला तर रक्तदाब घसरून चक्कर येते, मूत्रपिंडांवर ताण पडतो. अशा वेळी गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. स्वतःच्या मनाने ती बंद केली तर सूज आणि धाप परततात.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास या रोगाचे सूक्ष्म कृमी पसरवतात. हे कृमी रात्री रक्तात फिरतात, म्हणून तपासणीसाठी रक्ताचे नमुनेही रात्रीच घेतात. मोठे कृमी लसीकावाहिन्यांत राहून त्या निकामी करतात. २०१९ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशातील ज्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत राबवली गेली, त्यांत नागपूर होते. हत्तीपायाची सूज बहुधा एका पायावर किंवा एका पायावर जास्त असते. सुरुवातीला तीही दाबल्यावर खळगा दाखवते, पुढे पाय टणक होतो आणि कातडी जाड, खरखरीत होते. एक साधी परीक्षा उपयोगी पडते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून पाहतात. ती उचलली जात नसेल तर दोष लसीकावाहिन्यांचा असण्याची शक्यता मोठी असते. हृदयामुळे आलेल्या सुजेत ती सहसा उचलली जाते.

सिकलसेलचे विदर्भाशी नाते जुने आहे. मध्य भारतातील या आजाराची नोंद नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळाचे हात आणि पावले अचानक सुजून दुखू लागणे हे त्याचे एक आरंभीचे लक्षण आहे. ते हृदयाचे नसून हाडांना रक्त न मिळाल्याचे असते. मोठेपणी चित्र बदलते. दीर्घकाळच्या तीव्र रक्तक्षयात ऊतींना पुरेसा प्राणवायू मिळावा म्हणून हृदयाला जास्त रक्त फिरवावे लागते आणि कालांतराने ते थकते. काही रुग्णांत फुप्फुसांच्या धमन्यांतला दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो. घोट्याजवळ लवकर न भरणारी जखम हे सिकलसेलचे एक ज्ञात लक्षण आहे, जरी भारतीय रुग्णांत ते आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी आढळते. सिकलसेलच्या प्रौढ रुग्णाचे दोन्ही पाय सुजू लागले आणि दम वाढला, तर त्याची इको तपासणी म्हणूनच गरजेची असते.

औषधांमुळे येणारी सूज सर्वत्र आढळते आणि ती सर्वाधिक फसवते. रक्तदाबासाठी दिली जाणारी अॅम्लोडिपिन ही गोळी बारीक धमन्या सैल करते पण शिरा तशा सैल होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून घोटे सुजतात. ही सूज हृदय कमजोर झाल्याची नसते आणि पाण्याच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हा उपाय डॉक्टर करतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड आणि मधुमेहावरील पायोग्लिटाझोन ही औषधे शरीरात मीठ-पाणी साठवतात. आधीच कमजोर असलेल्या हृदयाला ती खरोखर अडचणीत आणतात.

मूत्रपिंडाच्या आजारात सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसते आणि लघवीला फेस येतो. यकृताच्या आजारात पोटात पाणी आधी आणि जास्त साचते. थायरॉइड कमी असेल तर सूज दाबल्यावर खळगा पडत नाही. बायपास शस्त्रक्रियेसाठी ज्या पायातून शीर काढलेली असते, तो पाय त्यानंतर काही काळ सुजू शकतो. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा अंथरुणाला खिळल्यावर, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर हृदयाच्या उजव्या बाजूवर एकाएकी ताण येऊन जीव जाऊ शकतो.

चालताना भरून येणारी पोटरी

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते, दोन-पाच मिनिटे उभे राहिले की थांबते आणि पुन्हा तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा दुखते: हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे लक्षण आहे. रात्री झोपेत येणारा वांब वेगळा. त्याचे कारण बहुधा धमन्या नसतात. कमरेच्या मणक्यातली नस दबल्यानेही चालताना पाय दुखतात, पण त्यात नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा वाकावे लागते. चालताना पोटरी भरून येण्याचे माणसातील धमनीशी असलेले नाते फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८५८ मध्ये दाखवले. धमन्या फार अरुंद झाल्या की नडगीवरचे केस झडतात, कातडी पातळ आणि चकचकीत होते, नखे जाड होतात, जखम भरत नाही. अखेरीस रात्री पडल्यापडल्याही पाऊल दुखते आणि रुग्ण पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून झोपतो.

धमनीत चरबी साचण्याची प्रक्रिया एकट्या पायापुरती राहत नाही. पायाची धमनी अरुंद झालेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमन्यांतही तोच आजार असतो. म्हणून पोटरीचे दुखणे हृदयविकाराच्या झटक्याची पूर्वसूचना ठरू शकते.

याची तपासणी स्वस्त आणि वेदनारहित आहे. दंडाचा आणि घोट्याचा वरचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ९८ असेल तर भागाकार ०.७ येतो. १ ते १.४ हा आकडा सर्वसाधारण, ०.९ किंवा त्याहून कमी असल्यास पायाची धमनी अरुंद आहे असे मानतात. अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कमी आकडा असणाऱ्यांना पुढील दहा वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. दीर्घकाळच्या मधुमेहात मात्र धमन्यांत चुना साचून त्या कडक होतात आणि आकडा फसवा, १.४ हून जास्त येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते.

मधुमेह येथे दुहेरी नुकसान करतो. पायातील नसांची संवेदना गेल्याने पोटरीचे दुखणे जाणवत नाही. तसेच हृदयाकडील नसाही बोथट झाल्याने छातीत न दुखताच झटका येऊ शकतो. तळव्याला मुंग्या येणे, आग होणे ही मधुमेहात नसांची किंवा जीवनसत्त्व ब-१२ च्या कमतरतेची लक्षणे असतात, हृदयाची नव्हेत. पण न दुखणारी आणि न भरणारी पायाची जखम असलेल्या मधुमेहीचे हृदयही तपासून घेणे शहाणपणाचे असते.

धमन्यांचा सर्वांत पक्का शत्रू तंबाखूचा धूर आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलातील तेंदूपानात वळलेली विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा गैरसमज आहे. तरुण विडीबहाद्दरांच्या पायाची बोटे काळी पडण्याचा एक वेगळा आजार अमेरिकी डॉक्टर लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णिला. त्यात हृदयाच्या धमन्या सहसा वाचतात, पण विडी सुटली नाही तर पाय वाचत नाही. नागपूरच्या पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा धुराशिवायचा असला, तरी त्यातील निकोटिन रक्तदाब आणि हृदयाची गती वाढवते.

रंग, नखे, गाठी आणि सांधे

थंडीत बोटे काही वेळ निळसर होणे आणि ऊब मिळताच पूर्ववत होणे बहुधा निरुपद्रवी असते. बोटांसह ओठ आणि जीभही निळी दिसत असेल तर रक्तात प्राणवायू कमी आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्या काही मुलांत बोटांची टोके फुगीर होतात. एका दोषात तर हातांची बोटे गुलाबी आणि पायांची निळी असा फरक दिसतो. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी गर्भावस्थेतील नळी जन्मानंतर बंद झाली नाही आणि फुप्फुसांतला दाब फार वाढला, की अशुद्ध रक्त त्या नळीतून खाली पायांकडे वळते. नळीच्या आधी फुटणाऱ्या शाखा मात्र हातांना शुद्ध रक्त पुरवत राहतात. पायमोजे काढून पावले पाहिली नाहीत तर ही खूण हुकते.

टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर टणक, न दुखणाऱ्या गाठी असतील तर ती कोलेस्टेरॉलची साठवण असू शकते. कोलेस्टेरॉल जन्मापासून जास्त असण्याचा हा आनुवंशिक दोष साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो आणि त्यात ऐन तारुण्यात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. एकाला गाठी दिसल्या की भावंडांचे आणि मुलांचेही कोलेस्टेरॉल तपासावे लागते.

दीर्घ तापासोबत तळव्यांवर न दुखणारे लाल ठिपके किंवा बोटांवर दुखऱ्या बारीक गाठी उठल्या, तर हृदयाच्या झडपेवरील जंतुसंसर्गाची शंका घेतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा सुजून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघा, मग घोटा असे सांधे आळीपाळीने सुजणे हा संधिवाताचा ताप असू शकतो. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाची झडप मात्र कायमची बिघडू शकते. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते, आणि सांधे बरे झाले म्हणून ते मध्येच थांबवणे हे पुढच्या झडपविकाराला आमंत्रण असते.

तपासणी आणि तातडी

दोन्ही पायांवर सूज टिकून असेल तर पहिल्या पायरीच्या तपासण्या साध्या आहेत: रक्तदाब, वजन, लघवीतील प्रथिने, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, यकृत आणि थायरॉइडच्या चाचण्या, ईसीजी. त्यांवरून किंवा लक्षणांवरून हृदयाची शंका आली तर बीएनपी ही रक्तचाचणी आणि टू-डी इको करतात. बीएनपी कमी असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच मागे पडते. नागपुरात मेडिकल, मेयो व सुपर स्पेशालिटी या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधील एम्स येथे, तसेच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात अशा रुग्णांची तपासणी होते. उपचार कारणानुसार ठरतात. हृदयाच्या सुजेत औषधांइतकेच मीठही महत्त्वाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ खावे. भाजीत मीठ बेताचे असले तरी उन्हाळ्यात घातलेले पापड, कुरड्या, लोणचे आणि शेव-चिवडा यांतून ते नकळत पोटात जाते.

काही लक्षणांत मात्र वाट पाहायला वेळ नसतो. पाय अचानक खूप दुखू लागला, पांढरा-गार पडला, बधिर झाला आणि बोटे हलेनाशी झाली, तर धमनीत गुठळी अडकलेली असते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या किंवा झडप अरुंद झालेल्या रुग्णांत ही गुठळी बहुधा हृदयातच तयार होऊन खाली येते. सुमारे सहा तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर पाय गमावण्याची वेळ येते. अशा पायाला शेक देणे किंवा मालिश करणे नुकसानकारक असते. एका पायाची अचानक सूज आणि त्यासोबत धाप, पायांची सूज असताना बसूनही न थांबणारा दम, छातीत दुखणे किंवा घेरी येणे यांतही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेहीच्या पायावरची काळी पडणारी किंवा वास येणारी जखम त्याच दिवशी दाखवावी. दोन्ही पायांवर हळूहळू वाढलेली, पण दम नसलेली सूज काही दिवसांत ठरवून तपासून घेता येते. दिवसभर उभे राहिल्याने किंवा उन्हाने आलेली आणि रात्रीत पूर्ण उतरणारी सूज लक्ष ठेवण्यापुरती असते. ती सकाळीही टिकू लागली, की तपासणीची वेळ झालेली असते.